पंगतीचे धोंडे

हयातीच्या दाखल्याच्या रांगेत केशवराव गजभिये यांनी आपल्या बायकोची ओळख करून दिली. "ह्या बाई फार भल्या आहेत," ते काउंटरमागच्या मुलीला म्हणाले, "मला घरून इथपर्यंत घेऊन आल्या." मुलगी हसली. म्हाताऱ्या नवराबायकोची थट्टा चालली असेल असं तिला वाटलं असावं. सुमनबाईही हसल्या, कारण मागे लोक उभे होते आणि रांगेत दुसरं काही करता येत नाही. केशवरावांनी यंत्रावर बोट टेकवलं, ते हयात असल्याचं यंत्रानं मान्य केलं आणि दोघं बँकेच्या पायऱ्या उतरली. खाली आल्यावर केशवराव थांबले. भंडाऱ्याच्या त्या गजबजलेल्या रस्त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "माझ्यामुळे तुम्हाला उशीर तर होत नाही ना?"

केशवरावांचं विसरणं सुमनबाईंना नवं नव्हतं, त्याला दीड वर्ष झालं होतं. आधी शब्द गेले, मग वार गेले, मग शेजाऱ्यांची नावं. कधी सकाळी आंघोळ करून, सदऱ्याच्या खिशात खडू आहे का ते चाचपत केशवराव दाराशी उभे राहत, आणि आज शाळेला सुट्टी आहे असं सांगितलं की मुकाट्यानं परत येऊन बसत. हे वाढतच जाणार असं डॉक्टरनं सांगितलं होतं आणि सुमनबाईंनी ते ऐकून घेतलं होतं. आज त्यांना लागलं ते वेगळंच. केशवरावांच्या तोंडी दोन मराठी होत्या. एक शाळेची, इस्त्री केलेली; ती साहेब लोकांसाठी, पाहुण्यांसाठी, जयंतीच्या भाषणासाठी. दुसरी घरची, 'मले'-'तुले'ची. तिच्यात ते रागवत, तिच्यात भात मागत, तिच्यात झोपेत बरळत. 'अवं सुमन, माहा चष्मा कुठी ठेवला?' सेहेचाळीस वर्षांत त्यांनी सुमनबाईंपुढे शाळेची मराठी कधी काढली नव्हती, भांडणातसुद्धा नाही. ती आज बँकेच्या पायरीवर काढली. आपल्याच घरात आपल्याला कोणी कपाटातल्या पाहुण्यांच्या कपात चहा द्यावा, आणि तो कप हातात धरून आता बसायचं कुठं हे कळू नये, तसं सुमनबाईंना झालं.

त्या संध्याकाळी पुण्याहून धम्मदीपचा फोन आला. मुलगा चांगला होता, फोन केला नाही असा त्याचा दिवस जात नसे. नागपुरात अशा आजाराच्या माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं एक खाट रिकामी होतेय, एक तारखेपासून बाबांना ठेवता येईल आणि आईनं पुण्याला यावं, असं तो गेले दोन महिने सांगत होता. सुमनबाई दर वेळी "पाहू" म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "तुले बरं वाटन तसं कर." तिकडे धम्मदीप चपापला, मागून ढकलत असलेलं दार अचानक उघडलं की माणूस जसा तोल सावरतो, तसा. मग त्यानं बाबा जेवले का विचारलं. फोन ठेवून सुमनबाईंनी भांडी घासली. भांडी घासताना मनाशी म्हणाल्या, वाढणारी कोण हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला भात कोणी का वाढेना. मनात आलं आणि लगेच आपल्याच मनाची लाज वाटली, पण आलं ते आलं.

त्यानंतर चार दिवसांनी मनाली आली. ती नागपूरच्या विद्यापीठात शिकत होती आणि तिचा अभ्यास होता जुन्या दगडी वर्तुळांवर. लोखंडाच्या काळातल्या माणसांनी मोठमोठे धोंडे गोल मांडून ठेवले त्यांवर, आणि त्यांत काय विधी होत असतील यावर. कुठल्याशा जुन्या मासिकात तिला केशवरावांचा एक लेख सापडला होता. पवनी तालुक्यातली साठेक वर्तुळं या माणसानं एकट्यानं मोजली होती, सतरा-अठरा वर्षं, दर रविवारी, तेव्हा ते कोंढ्याच्या बाजूच्या शाळेत इतिहास शिकवत. सुमनबाईंनी पेटीतून अकरा वह्या काढून दिल्या. केशवराव शेजारी बसून एकेक पान उलटत राहिले. गोल काढलेले, गोलावर आकडे, कडेला उत्तरेची खूण, बारीक अक्षर. "फार मेहनत घेतली आहे कुणीतरी," ते कौतुकानं म्हणाले. मनालीनं मान खाली घातली. मग ती सुमनबाईंना म्हणाली की यातली बरीच वर्तुळं आता जागेवर सापडत नाहीत, लोकांनी धोंडे हलवलेत, खुणांची झाडं पडलीत. वहीतलं कोणतं वर्तुळ म्हणजे जमिनीवरचं कोणतं हे दाखवणारं कोणीतरी हवं. सुमनबाई म्हणाल्या, मी दाखवते. एकट्यानं मोजली हे खरं नव्हतं, फितीला दोन टोकं असतात. पण ते त्या बोलल्या नाहीत. केशवरावांना घरी ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा तेही निघाले, बाहेरगावी जायचं म्हणून नवा सदरा घालून.

गाडी पवनीच्या रस्त्याला लागली तशी दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या दिसू लागल्या. कुठं धानाच्या पेंढ्यांची पुंजणी रचलेली, कुठं अजून ओल्या राहिलेल्या मातीत बगळे. काच खाली केल्यावर वाळल्या तणसाचा वास आत आला आणि सुमनबाई मनानं सायकलच्या मागच्या कॅरिअरवर जाऊन बसल्या. पायांत स्लीपर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भाताचा डबा आणि चामडी डबीत गुंडाळलेली तीस मीटरची फीत. केशवरावांच्या पाठीवर घामाचा एक ओला गोल हळूहळू वाढत असे आणि ते बोलत ते सगळं जणू त्या गोलातूनच सुमनबाईंना ऐकू येई. त्यांचा बाप शेतमजूर. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला आणि आल्यावर पोराला म्हणाला, आता शिक. पोरगा शिकला आणि इतिहासाच्या पुस्तकात आपलं गाव शोधू लागला. राजे होते, लढाया होत्या, गाव नव्हतं. मग एका रविवारी एका गुराख्यानं त्याला हे धोंडे दाखवले. 'सुमन, राजायच्या आंधीचे हायत हे. इथंच राहत होते हे लोकं. इथंच धान नाई तं कोदो पेरत होते आन इथंच मरत होते. त्याईची नावं कोणाले ठावं नाई. पण धोंडे हायत.' सुमनबाई सातवी शिकलेल्या. त्यांना त्यातलं निम्मं कळे, पण एवढं कळे की ज्यांचं नाव राहिलं नाही अशांच्या मागे हा माणूस उन्हातान्हात फिरतो, आणि ते त्यांना आवडे.

मनाली पुढच्या सीटवरून मागे वळून सांगत होती. बहुतेक वर्तुळं म्हणजे थडगी. मधल्या गोट्यांच्या भरावाखाली गाडगी सापडतात, कुऱ्हाडी, कधी घोड्याचे साज. पण सगळ्यांत हाडं नसतात. काहींत नुसतीच गाडगी, काहींत काहीच नाही. मग तिथं माणसं कशाला जमत असतील? वर्षातून एकदा जेवण घालायला येत असतील? दूर कुठं मेलेल्यासाठी जागा करत असतील? "नक्की कोणालाच माहीत नाही, काकू," ती म्हणाली. तिला ते सांगताना आनंद होत होता, आणि तिच्या वयात न कळलेल्या गोष्टींचा आनंद होणं सुमनबाईंना बरोबर वाटलं.

कोंढ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला. एका बोडीच्या, लहान तळ्याच्या, काठानं, तिथं जाळं सुकवत घातलं होतं, गाडी माळावर चढली. निरोप मिळालेला तिथला आसाराम वाट पाहत उभा होता. बोडीतले मासे धरायचे आणि खालच्या बांधीत धान करायचं यावर त्याच्या घरच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. तो केशवरावांच्या पाया पडला. "मास्तर, वळखलं काय मले?" केशवराव प्रसन्नपणे म्हणाले, "का नाही!" आणि त्याचं नाव घेतलं नाही. आसारामनं सुमनबाईंकडे पाहिलं, तेवढ्यात समजून घेतलं आणि विषय धोंड्यांवर नेला. त्याची माणसं यांना पंगतीचे धोंडे म्हणत. एका लग्नात पंगत बसली, वाढणारा आलाच नाही, वाट पाहता पाहता माणसांचे धोंडे झाले. दोन धोंडे आपल्या बापानं शेताच्या धुऱ्यात, बांधात घातले, हेही त्यानं कबूल करून टाकलं. मग मनालीला वरच्या अंगाची वर्तुळं दाखवायला तो पुढे झाला. सुमनबाईंनी इथलं कोणतं वहीतलं सातवं, कोणतं आठवं ते बोटानं दाखवून दिलं आणि म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, आम्ही इथं बसतो.

इथं म्हणजे सातव्यात. त्यांना ते वहीशिवायही सापडलं असतं. पूर्वेकडच्या ठेंगण्या धोंड्यावर वाटीएवढे खळगे होते, कोणीतरी मुद्दाम कोरलेले, ओळीनं पाच. लग्नानंतर दोन वर्षांनी झालेली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. पुरुषमाणसं तिला फडक्यात गुंडाळून नदीकाठी घेऊन गेली. बायांनी जायचं नसतं, आणि ओल्या बाळंतिणीनं रडायचं नसतं, अंगावर उतरतं, असं सासूनं सांगितलं. म्हणून सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी केशवराव त्यांना पहिल्यांदा पुन्हा सोबत घेऊन आले ते इथं. सुमनबाईंनी फितीचं टोक धरलं होतं, ऊन होतं, आणि धोंड्यांकडे पाहता पाहता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अजी, हे रडाची जागा असन. गोल उभे राहत असतीन समदे. गोल उभं राहिलं का कोणाची पाठ कोणाकडं होत नाई." केशवराव हसले. मोठ्यानं, डोकं मागे टाकून हसले, आणि म्हणाले, याले पुरावा काय, सुमन? सुमनबाई पुढली पंधरा-सोळा वर्षं फितीचं टोक धरत राहिल्या. पण धोंडे कशासाठी असतील यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. धम्मदीप झाला, बदल्या झाल्या, भंडाऱ्याला घर झालं, चांगलंच गेलं सगळं. फक्त ते हसू कुठंतरी पायात मोडलेल्या काट्यासारखं राहिलं. चालता येतं, आणि एखाद्या दिवशी पाय वाकडा पडला की कळतं.

मनालीनं आपली फीत गोट्यांवर ठेवली होती. केशवरावांनी ती उचलली. उलटीसुलटी करून पाहिली, टोक ओढून बाहेर काढलं आणि सुमनबाईंपुढे धरलं. "बाई, हे जरा धरता का? त्या खळग्यांच्या धोंड्याशी उभ्या राहा. फार ताणू नका." त्यांचा आवाज बदलला होता. सुमनबाई जाऊन उभ्या राहिल्या. केशवराव फीत सोडत भरावाच्या गोट्यांवरून समोर गेले. घरात उंबऱ्याला अडखळणारे त्यांचे पाय गोट्यांवर बिनचूक पडत होते. समोरच्या धोंड्याला फीत लावून, वाकून, डोळे बारीक करून त्यांनी आकडा वाचला. "चौदा पूर्णांक वीस. लिहा." लिहायला काही नव्हतं. "लिवलं," सुमनबाई म्हणाल्या. असे त्यांनी पाच-सहा आकडे घेतले आणि दमून एका धोंड्यावर बसले. सुमनबाई समोरच्या धोंड्यावर टेकल्या. ऊन उतरणीला लागलं होतं. खालून कोणीतरी बैलांना हाकारत होतं.

सुमनबाईंनी विचारलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं, "हे कायसाठी करत असतीन, गुरुजी?"

केशवरावांनी वर्गाला सांगावं तसं सांगितलं. हाडं सापडतात तेव्हा थडगं म्हणायचं. गाडगी सापडतात, लोखंड सापडतं. एवढे धोंडे ओढायला पुष्कळ माणसं लागतात, म्हणजे गावानं मिळून केलेलं काम. सांगता सांगता वाक्यं विस्कटू लागली. एक शब्द त्यांना मिळेना, तो शोधत ते बराच वेळ हाताकडे पाहत बसले. मग म्हणाले, "माझी पत्नी वेगळं म्हणते."

सुमनबाई हलल्या नाहीत.

"ती म्हणते, इथे लोक गोल उभे राहून रडत असतील. कुणाची पाठ कुणाकडे नाही."

"मंग तुमी काय म्हणले तिले?"

"मी हसलो." त्यांनी सदऱ्याचं बटण लावलेलं होतं ते काढून पुन्हा लावलं. "आमची मुलगी गेली होती. लहान होती. मी तिला नदीकाठी ठेवून आलो, या हातांनी. घरी येऊन कुणाशी बोललो नाही. आणि इथे ही असं बोलली. हसलो नसतो तर..." ते थांबले. "हातात फीत होती," ते म्हणाले, आणि एवढ्यावरून समोरच्या बाईला समजेल असं त्यांना वाटलं असावं.

सुमनबाईंना समजलं. चव्वेचाळीस वर्षांनी समजलं, आणि समजताना काही कोसळलं वगैरे नाही. भाताचं झाकण सरकवलं की वाफ जाते तसं आतून काहीतरी नुसतं निघून गेलं. त्या वेळचा केशवरावांचा चेहरा त्यांनी आठवून पाहिला आणि तो त्यांना आठवेना. डोकं मागे टाकलं होतं. चेहरा आभाळाकडे होता. त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो," केशवराव सांगत होते. "एकटाच. शाळा बुडवून. बत्तीस धोंडे होते तेव्हा. एकेकाच्या समोर एकेक. सोळा जोड्या. पुढे जिथे गेलो तिथे मी ते पाहिलं. काही ठिकाणी जमतं, काही ठिकाणी जमत नाही. पुरावा म्हणून लिहिता येत नाही. म्हणून लिहिलं नाही. पण पाहिलं." मग त्यांनी समोर वाकून, एखादं काम सोपवावं तशा आवाजात म्हटलं, "हे तिला सांगायचं राहून गेलं. तुमची भेट होईल का तिच्याशी? झाली तर सांगाल?"

"सांगीन," सुमनबाई म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. पदर तोंडाला न लावता, भिंत नसलेल्या त्या माळावर, पायांवर हात ठेवून. केशवराव समोर बसून होते. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं हे दिसत होतं. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावणार? पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. ती रडत होती तोवर, भल्या माणसानं बसावं तसे, ते तिच्याकडे पाहत बसून राहिले.

मनाली आणि आसाराम उतरून आले तेव्हा दोघं फीत गुंडाळत होती. परतताना सुमनबाई एवढंच म्हणाल्या की धोंडे मोजशील तेव्हा कोणता कोणाच्या समोर येतो तेही पाहत जा. मनालीनं कारण विचारलं. "मास्तरनं पाहिलं होतं," त्या म्हणाल्या, "वहीत नाई ते." मनालीनं ते लिहून घेतलं, पाहणाऱ्याचं नाव काय घालू म्हणून विचारलं, आणि सुमनबाईंनी जरा थांबून दोघांची नावं सांगितली. केशवराव खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्यांच्या नव्या सदऱ्याला कुसळं लागली होती, ती सुमनबाई अड्याळ येईपर्यंत एकेक वेचत राहिल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी धम्मदीपला फोन लावला. आपण होऊन त्या कधी लावत नसत, त्यामुळे तो घाबरला. त्यांनी सांगितलं की नागपूरच्या लोकांना कळव, खाट दुसऱ्या कोणाला देऊन टाका म्हणावं. धम्मदीपनं समजावून पाहिलं. तू एकटी किती दिवस करशील, तुझं वय काय, तुझी कंबर काय, सगळं खरं तेच बोलला. शेवटी थकून, आपल्यालाही ते बोलायला जड जातंय अशा आवाजात म्हणाला, "आई, पण बाबा तुले वळखत नाई ना आता."

"नाई वळखत," सुमनबाई म्हणाल्या. "पण बोलून राहिले माह्यासंग. मले आयकाचं आहे."

धम्मदीप म्हणाला, मदतीला दिवसाची एखादी बाई तरी ठेव, आणि मी महिन्यातून एकदा येत जाईन. सुमनबाई म्हणाल्या, ठेवते, ये. मग त्यानं बाबा जेवले का विचारलं.

जेवायला अजून अवकाश होता. दिवे लागले होते. केशवराव पाय धुऊन खुर्चीत बसले होते आणि सुमनबाई खाली पाटावर सेमीच्या शेंगा मोडत होत्या. केशवरावांनी थोडा वेळ त्यांचे हात पाहिले. मग पाहुणचाराच्या स्वरात विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"लाखांदूर."

"लांबून आलात. घरी कोण कोण असतं?"

सुमनबाईंनी शेंग मोडली, शिर ओढून काढली. चार दिवसांपूर्वी हाच प्रश्न सुरीसारखा लागला असता. "मी आन आमचे मास्तर," त्या म्हणाल्या.

"मास्तर? अरे वा. कोणता विषय?"

"इतिहास. लय बोलते ते. सायकलवर मले मागं बसवत आन बोलत बोलत जात. मांगं पाहाचं नाव नाई. एकदा कोंढ्याच्या रस्त्यानं मी पाणी प्याले उतरली विहिरीवर, सायकल उभीच होती, तं ह्याईले वाटलं बसली. पायडल मारलं आन गेले. बोलत बोलत कोसभर गेले एकटेच."

केशवराव हसू लागले. मोठ्यानं, डोकं मागे न टाकता, सरळ सुमनबाईंकडे पाहत हसले. मग हसता हसता एकाएकी गंभीर झाले आणि पुढे वाकले.

"मग? परत आले का ते?"

"आले ना. घामाघूम होऊन आले. मी विहिरीवरच बसली होती."

"बरं झालं," केशवराव म्हणाले. खुर्ची थोडी पुढे ओढून घेत त्यांनी विचारलं, "मग काय झालं?"